डोंगरवाट : परतीचा हिशेब आधी मांडा

पावसाळा ओसरून दसरा झाला, की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, रविवारी मुलं धोदाणीहून माथेरानला पायी निघाली आहेत. बाबा तुम्हीही चला म्हणतात. जाऊ का?" विचारणारे गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. रक्तदाबाची एक गोळी चालू असते, पोट थोडे पुढे आलेले असते, आणि कॉलेजात असताना आपण कर्नाळा किल्ला एका दमात चढलो होतो ही आठवण मात्र अगदी ताजी असते.

माझे उत्तर सहसा "जा" असेच असते. फक्त "या रविवारी नको, तीन-चार आठवड्यांनी जा" एवढी पुस्ती मी जोडतो. आपण पनवेलकर या बाबतीत नशीबवान आहोत. पूर्वेला प्रबळगड आणि कलावंतीण, त्यामागे माथेरानचे पठार, दक्षिणेला गोवा रस्त्यावर जेमतेम १२ किलोमीटरवर कर्नाळ्याचे अभयारण्य. रान, डोंगर आणि वाड्या-वस्त्या एका दिवसात पायाखाली घालाव्यात अशा वाटा मुंबईकर शोधत येतात, त्या आपल्या परसात आहेत. त्यांचा लाभ घ्यायचा नाही आणि दिवाणखान्यात बसून मधुमेहाच्या गोळ्या वाढवत न्यायच्या, हे काही शहाणपणाचे नाही.

पण "दुरून डोंगर साजरे" ही म्हण ज्याने केली, तो नक्कीच डोंगर चढून आलेला माणूस असावा. सकाळी वडाळे तलावाभोवती फेऱ्या मारणे आणि डोंगर चढणे यांत मोठा फरक आहे. तलावाभोवती दम लागला तर बाकावर बसता येते, फार तर रिक्षा करून घरी जाता येते. डोंगरात जितके आत जाल तितके परत यावे लागते, तेही थकलेल्या पायांनी. तिथे दवाखान्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, तासांमध्ये मोजावे लागते. म्हणून या लेखाचे सूत्र एकच आहे : डोंगरवाटेचा हिशेब परतीच्या बाजूने मांडा. पाणी, ताकद, ऊन, औषध आणि वेळ या पाचही गोष्टी परतीला पुरतील अशा बेताने खर्च करा.

दोनशे मजल्यांची इमारत

उदाहरणासाठी धोदाणीची वाटच घेऊ. पनवेलहून नेरे, मालडुंगे करत रस्ता धोदाणीला संपतो. वाटेत गाढी नदी आणि गाढेश्वरचा जलाशय लागतो. गावातून ठाकरांच्या वाड्यांमधून पायवाट वर चढते आणि माथेरानच्या सनसेट पॉइंटपाशी पोहोचते. चढ दोन हजार फुटांच्या आसपास आहे. एका मजल्याची उंची दहा फूट धरली, तर ही दोनशे मजल्यांची इमारत झाली. सराव असलेला माणूस ती दोन तासांत चढतो, सराव नसलेल्याला तीन किंवा अधिक तास लागतात.

आता स्वतःला विचारा, आपल्या इमारतीचे चार मजले आपण न थांबता चढू शकतो का? हृदयतज्ज्ञांनी वापरलेली ही एक साधी चाचणी आहे. चार मजले म्हणजे साधारण साठ-सत्तर पायऱ्या. मिनिटाभराच्या आत चढलात आणि वर जाऊन बोलू शकलात, तर हृदयाची कार्यक्षमता बरी आहे असे समजायला हरकत नाही. दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला, मध्ये थांबावे लागले किंवा छातीवर दडपण आले, तर डोंगराआधी डॉक्टरांची पायरी चढा. ही चाचणी घरच्या माणसाला सोबत घेऊन करा. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी ती स्वतःहून करू नये.

चाचणीत पास झालेल्यांनीही तीन-चार आठवडे तयारी करावी. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणे आणि एक दिवसाआड जिने चढणे-उतरणे, पाच मजल्यांपासून सुरुवात करून वीस-पंचवीसपर्यंत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. हा हिशेब एरवी पाळणाऱ्याला डोंगराची वेगळी भीती नको. सहा दिवस खुर्चीत आणि सातव्या दिवशी कड्यावर, हे गणित मात्र शरीराला मानवत नाही.

पहिली चढण कर्नाळ्याची असावी. हे अभयारण्य १९६८ मध्ये जाहीर झाले. तिथे आत सावली आहे, वाट मळलेली आहे, आणि दमलात तर तासाभरात महामार्गावर परत येता येते. जाताना वाटेत शिरढोण लागते, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. मुलांना ही गोष्ट सांगत चढलात तर चढ जाणवत नाही, आणि बोलत चढण्याचा एक वैद्यकीय फायदाही आहे. तो पुढे सांगतो.

चढताना हृदय काय करते

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते. चढणीवर मांड्यांच्या आणि नितंबांच्या मोठ्या स्नायूंना प्राणवायू हवा असतो, तेव्हा हेच हृदय तीन-चार पट काम करते. तरुण, सरावलेले हृदय ते हसत करते. रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्या असतील तर मात्र मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. घरी, सपाटीवर, ही तफावत कधी कळतच नाही. ती चढणीवर उघडी पडते. इस्पितळात आम्ही स्ट्रेस टेस्टसाठी पट्ट्यावर चढ देऊन चालवतो, ते याचसाठी. फरक इतकाच, की तिथे शेजारी डॉक्टर आणि यंत्रे असतात.

आपल्या जिल्ह्यातली एक दुःखद आठवण इथे सांगणे भाग आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्या प्रत्येकाला अंधारात, पावसात, चिखलातून तास-दीड तास चढून जावे लागले. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. दलातला, कामाची सवय असलेला माणूस. चढणीचा हृदयावर किती भार पडतो हे यावरून समजावे, आणि अशा वाटांवर मदत पोहोचायला किती वेळ लागतो तेही.

मग वेग किती ठेवावा? नाडी मोजता येत असेल तर २२० मधून आपले वय वजा करा. पन्नाशीच्या माणसाचा आकडा १७० येतो. चढताना नाडी याच्या साठ ते पंचाहत्तर टक्क्यांत, म्हणजे शंभर ते सव्वाशेच्या आसपास ठेवावी. पण रक्तदाबासाठी अॅटेनोलोल, मेटोप्रोलोल यांसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुळातच मंद राहते, तिच्यावर विसंबू नये. त्यापेक्षा सोपी खूण अशी : चढताना पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. म्हणून गप्पा मारत चढा, आणि जो गप्प झाला त्याच्याकडे लक्ष ठेवा.

छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात जडपणा, थंड घाम, न थांबणारी जळजळ किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम, यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसवा. "अॅसिडिटी असेल, सोडा घे आणि चल" असे म्हणू नका. मधुमेही माणसात आणि स्त्रियांत छातीत न दुखताही झटका येतो. अॅस्पिरिन पूर्वी डॉक्टरांनी वर्ज्य केली नसेल तर तीनशे मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला द्या, १०८ ला दूरध्वनी करा, आणि अशा माणसाला पायी उतरवू नका. उचलून आणा.

घाम, पाणी आणि कोकणातली हवा

आपल्याकडची खरी अडचण तापमान नसून दमटपणा आहे. शरीर थंड होते ते घाम सुटल्याने नव्हे, घाम वाळल्याने. देशावरच्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. आपल्या हवेत तो अंगावर नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, अंग मात्र गारवत नाही. चढणीवर तासाला पाऊण-एक लिटर घाम सहज जातो.

१६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच तालुक्यात खारघरच्या मैदानावर एका मोठ्या समारंभात उन्हात बसलेल्या लोकांना उष्णतेचा त्रास झाला आणि १४ जण दगावले. ती माणसे डोंगर चढत नव्हती, नुसती बसली होती. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी कलावंतिणीच्या पायऱ्यांवर, उघड्या कातळावर चढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्या महिन्यांत निघायचेच असेल तर उजाडताना निघून दहाच्या आत सावलीला यावे.

माणशी तीन लिटर पाणी न्यावे. एकदम तांब्याभर न पिता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्यावे. निम्मे पाणी संपले, की माथा समोर दिसत असला तरी परतीचा विचार सुरू करावा. नुसते साधे पाणी भरमसाट पिणेही बरे नव्हे. त्याने रक्तातील मीठ पातळ होते आणि डोके दुखणे, मळमळ, गोंधळ अशी लक्षणे येतात. म्हणून एका बाटलीत जलसंजीवनी ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लिंबू पिळले तर उत्तम. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे जे रुग्ण मोजून पाणी पितात, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पायांत गोळे, चक्कर, डोकेदुखी ही पहिली पायरी. सावलीत निजवा, पाय उंच करा, जलसंजीवनी द्या, बहुतेकजण तासाभरात सावरतात. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात. तिथे पाणी पाजण्याच्या खटपटीत पडू नका, ठसका लागेल. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओता, जोराने वारा घाला, आणि हे करत करतच खाली न्या. इथे मिनिटांना किंमत आहे.

ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी वर कुठे गुरे बसली आहेत हे आपल्याला दिसत नाही. टायफॉईड आणि दोन्ही प्रकारची पाण्यातून येणारी कावीळ अशाच पाण्यातून येते. उकळलेले पाणी घरून न्यावे, किंवा क्लोरीनचे थेंब जवळ ठेवावेत.

उतार सोपा नसतो

"चढलो की संपले, उतरायला काय लागते?" हा मोठाच गैरसमज आहे. चढताना दम लागतो म्हणून माणूस सावध असतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून तो गाफील असतो. आणि मुरगळलेले घोटे, मोडलेली मनगटे आमच्याकडे येतात ती बहुतेक उतारावरची.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला आवरून धरतो, गाडीच्या ब्रेकसारखा. या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणूनच खरे दुखणे सोमवारी आणि मंगळवारी सुरू होते आणि जिना उतरताना कठड्याला धरावे लागते. हे दुखणे तीन-चार दिवसांत आपोआप जाते. त्यासाठी दुखरी गोळी लगेच घेऊ नका, विशेषतः अंगातले पाणी कमी झालेले असताना. मूत्रपिंडाला ती बाधते. लघवी काळपट चहासारखी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट आणि त्याहूनही अधिक भार येतो. उपाय साधे आहेत. पावले लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, सरळ न उतरता नागमोडी उतरा, आणि हातात काठी घ्या. ठाकर-कातकरी म्हाताऱ्यांच्या हातात काठी असते ती शोभेला नसते. काठीने गुडघ्यावरचा काही भार हातांवर जातो आणि निसरड्या जागी तिसरा पाय मिळतो. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी धोदाणीहून चढावे, पण तिकडूनच उतरू नये. माथेरान पार करून दस्तुरी नाक्यापर्यंत चालावे आणि तिथून वाहनाने नेरळला उतरावे. चढ हृदयाला व्यायाम देतो, उतार गुडघ्यांचा हिशेब मागतो. दोन्ही घेतलेच पाहिजेत असे नाही.

साप, विंचू आणि मधमाशी

आपल्या भागात चार विषारी साप महत्त्वाचे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कातळावर, दगडांच्या सांदीत, वाळल्या गवतात फुरसे असते. ते आकाराने लहान म्हणून लोक त्याला हसण्यावारी नेतात. त्याच्या आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. म्हणून इस्पितळात थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून बघतात. ते गोठले नाही तर विष भिनले आहे, प्रतिविष द्यायलाच हवे. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते आणि पापण्या मिटू लागतात. रात्री वाडीत मुक्काम केलात तर जमिनीवर न झोपता मच्छरदाणी नीट खोचून झोपावे.

एका मोठ्या पाहणीनुसार २००० ते २०१९ या वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली. यांतली कितीतरी वाचण्याजोगी होती. वेळ गेला तो मांत्रिकाकडे, आवळून बांधण्यात, चिरा देण्यात, रक्त चोखण्यात. यांतले काहीही करू नका. माणसाला धीर द्या, अंगठ्या, कडी, पैंजण, बूट काढा, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळी बांधून स्थिर ठेवा, चावल्याची वेळ लिहून ठेवा आणि चालवत न नेता उचलून न्या. साप पकडण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते. रानात झाडावर दिसणाऱ्या हिरव्या चापड्यावर ते लागू नाही. सुदैवाने त्याच्या दंशाने सूज आणि वेदना होतात, जीव क्वचित जातो. तरीही इस्पितळ टाळू नये.

विंचवाच्या बाबतीत आपल्या रायगड जिल्ह्याने जगाला शिकवले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशात हृदयावर काय परिणाम होतो ते रुग्णांच्या खाटेशी बसून टिपले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर वापरून दाखवले. पूर्वी हमखास दगावणारी मुले त्यामुळे वाचू लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावल्यावर घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर "उतरेल आपोआप" म्हणून थांबू नका. या विषावर वेळेत औषध मिळाले तर माणूस वाचतो.

कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तिथे आरडाओरडा करू नये, सिगारेट पेटवू नये, अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्या तर हात न झाडता तोंड झाकून दूर पळावे. काटा शक्य तितक्या लवकर नखाने खरवडून काढावा. अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला तर ती अॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया असते. अशा वेळी अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच उपाय, आणि त्यासाठी तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

आठवड्यानंतर आलेला ताप

डोंगरावरून सुखरूप आलात आणि आठ-दहा दिवसांनी ताप भरला. तुम्ही डॉक्टरांकडे जाता, पण डोंगरावर गेल्याचे सांगत नाही, कारण त्याचा याच्याशी काय संबंध! संबंध असतो. पायाला खरचटले असताना भाताच्या खाचरातून, चिखलातून चाललात तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे. गवतातल्या अगदी बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. त्यात काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, म्हणून रुग्णाला ठाऊकच नसते. दोन्ही रोग वेळेत ओळखले तर डॉक्सिसायक्लीनसारख्या स्वस्त औषधाने बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुफ्फुसे धरतात. म्हणून तीन आठवड्यांत ताप आला तर "मी रानात जाऊन आलो" हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करून कपडे लगेच धुवायला टाकणे हा सोपा प्रतिबंध आहे.

वाडीतल्या माणसांची वाट

चढताना दम खायला आपण बसतो, तेव्हा शेजारून डोईवर पाटी घेतलेली ठाकरीण न थांबता निघून जाते. माथेरानात भाजी, रानमेवा विकायला, मजुरीला या वाड्यांतली माणसे कित्येक पिढ्या ही वाट चढत आली आहेत. त्यांचे चालणे पाहण्यासारखे असते. पाऊल लहान, वेग सारखा, बसणे थोडे. हाच शास्त्रशुद्ध चढ आहे.

पण "बघा, ही माणसे कशी काटक, यांना डॉक्टर लागत नाही" असे कोणी म्हटले की मला राहवत नाही. डॉक्टर त्यांनाही लागतो. वाडीतल्या बाळंतिणीला, तापाने फणफणलेल्या पोराला झोळीत घालून खाली आणावे लागते, तेव्हा आपण वर्षातून एकदा अनुभवतो ते अंतर ती माणसे रोज मोजत असतात. त्यांच्या बायकांमध्ये रक्त कमी असते, उतारवयात गुडघे झिजलेले असतात. चालणे औषध आहे, पण पोटभर अन्न आणि जवळचा दवाखाना यांची जागा ते घेऊ शकत नाही.

आणि आपल्यावर प्रसंग आला तर सर्वांत आधी धावून येतो तो वाडीतलाच माणूस. झोळी तीच, खांदे तेच. म्हणून गावात शिरताना विचारून शिरावे, जेवण-पाणी घेतले तर योग्य मोबदला द्यावा, आणि दारूच्या बाटल्या फोडून टाकू नयेत. त्या वाटेवर अनवाणी चालणारी मुले आहेत. फुटक्या काचेने तळपाय चिरलेले मूल धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी कित्येक मैल चालत येते. आपली मौज एखाद्याला इतकी महाग पडू नये.

निघण्यापूर्वी

वेळेचा हिशेब असा मांडा. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी दोन तास, म्हणजे चारला, गावात परत पोहोचायचे. उतरायला अडीच तास धरा, अर्धा तास विश्रांतीला. म्हणजे दुपारी एक ही वळायची वेळ. एक वाजता जिथे असाल तिथून वळा, माथा शंभर पावलांवर असला तरी. डोंगर पुढच्या रविवारीही तिथेच असतो.

पावसाळ्यात मुसळधार पावसाचा इशारा असेल तर जाऊच नये. सकाळी घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा दुपारी कमरेला लागतो. तो ओलांडण्यापेक्षा अलीकडे भिजत थांबणे शहाणपणाचे. गाढेश्वरच्या पाण्यात उतरू नका. मनाईचे आदेश निघतात ते लोक बुडाले म्हणून.

मधुमेही मंडळींनी गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठरवावी. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. दिवसभर चालल्यावर साखर त्या रात्री झोपेतही उतरू शकते, म्हणून रात्रीचे जेवण टाळू नये. दमेकऱ्यांनी पंप पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा. लघवी जास्त होण्याची रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे.

पिशवीत असावे ते इतके : पाणी, जलसंजीवनी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, स्वच्छ पट्टी आणि चिकटपट्टी, रोजची औषधे, बॅटरी, शिट्टी आणि एक पंचा. पंचा डोके झाकतो, घाम पुसतो, मोडलेला हात गळ्यात अडकवतो आणि ओला करून मानेवर ठेवला तर गारवा देतो. पायात घट्ट तळाचे, खाचा असलेले बूट आणि पूर्ण पायघोळ विजार. एकट्याने जाऊ नये. कोणत्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगून जावे. डोंगरात मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून ती कुठे मिळते हे चढतानाच बघून ठेवावे. नेऱ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे हे निघण्याआधी माहीत असावे.

एवढी यादी वाचून कोणी घाबरून घरी बसला, तर हा लेख लिहिण्याचा हेतूच फसला. रानातून चार तास चालून आलेल्या माणसाचा रक्तदाब उतरतो, साखर ताब्यात येते, झोप गाढ लागते, आणि बापलेकांना वर्षभरात न सुचलेल्या गप्पा चढणीवर सुचतात. हे औषध मी कागदावर लिहून देऊ शकत नाही. मात्रा मात्र सांगू शकतो : सुरुवात लहान डोंगरापासून करा, वाढ सावकाश ठेवा, आणि ताकदीचा अर्धा भाग परतीसाठी राखून ठेवा.